ज्याचा बाक रिकामा

आधी आला तो फोरमनचा मेहुणा. चपला बाहेर काढून आला, म्हणून मला वाटलं माणूस बरा आहे. फोरमन मागून आला, बुटासकट. साहेब म्हणतात, आधी स्वतःचं सांगा. तर मी, वय एकाहत्तर असेल, धंदा घरकाम आणि लोकांचे कपडे इस्त्री करणे, शिक्षण दुसरी, राहणार कारखान्यामागच्या वस्तीत, तळमजला. पोलीस ठाण्यात समोर बसून सांगते ते असं.

काल सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी आणि नात घरी होतो. नात कारखान्यात यंत्रं जुळवते. तिथे सुटे भाग ट्रेमधून सरकत्या पट्ट्यावर येतात. कुठला ट्रे कोणाच्या कामाच्या बाकावर, ते बारा वर्षं फोरमन ठरवायचा. जड ट्रे मुकाट सोसणाऱ्यांना, हलके मेहुण्याला. आता ट्रेवरची चिठ्ठी यंत्रच वाचतं आणि त्या बाकाकडचं फाटक उघडतं. नातीने त्यात भरलंय : ज्याचा बाक रिकामा त्याला ट्रे, आणि जडानंतर हलका, सगळ्यांना सारखं. मी विचारलं, "हे कुठे शिकलीस गं?" म्हणाली, "तुझ्याकडेच. ज्याचं ताट रिकामं त्याला तू आधी वाढायचीस." हे लिहाच साहेब.

फोरमन म्हणाला, "यंत्र उघडायचा शब्द सांग. बाकी मी बघतो."

नात म्हणाली, "काका, तो सांगायचा नसतो."

"मावशी, समजवा हिला."

मी म्हटलं, "मला दुसरीपर्यंतचंच समजतं."

मग फोरमनने तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि मेहुण्याने दार लोटलं. विचारलं. परत लोटलं. असं तीनदा. दोन बोटं मोडली. आवाज कसा आला ते मी सांगत नाही. पोरीने हूं का चूं केलं नाही, शब्द तर नाहीच. माझीच नात.

इस्त्री तापलेली होती. मेहुण्याच्या मनगटावर ठेवली. मारली नाही, ठेवली. फोरमनच्या कपाळावर मात्र मारली. दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती, हे मला मान्य आहे. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा आईला हाका मारू लागला. तिला मी ओळखते, बाई चांगली आहे. फरशी मी पुसली, त्यावरून साहेब रागावले. पण रक्त तसंच ठेवून झोप कशी यावी?

मेहुण्याने त्याला काखेत हात घालून नेलं. चपला विसरला.

नात दवाखान्यात आहे. डाव्या हाताने जेवते, सांडते आणि हसते. शुक्रवारी कारखान्याचे मोठे साहेब तिच्या यंत्राला कायमचं कुलूप लावणार, मग कोणालाच काही बदलता येणार नाही. मावसबहीण म्हणते, तोवर माझ्याकडे या. मी नाही म्हटलं.

हे मला सावकाश वाचून दाखवलं. सांगितलं तसंच आहे. आईला हाका मारल्याचं गाळलं होतं, ते घालायला लावलं. अंगठा न देता सही केली आहे. एक राहिलं. उंबरठ्यावरून फोरमन म्हणाला होता की गुरुवारी परत येतो, चौघांना घेऊन. गुरुवारी मी घरीच आहे.