दुसरी हाक

मंडळी, एक सांगा. दार उघडं ठेवलं म्हणजे माणसाला आत बोलावलं, असं होतं का? लगेच माना हलवू नका, आधी ऐका. आबा, तुम्ही डोळे मिटलेत तरी चालेल — कान तेवढे उघडे ठेवा!

सातपुड्यात एक डॉक्टरीण होती, रुमली पावरा. डोंगरातल्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. अडलेली बाई आली की हिनं सलाईन लावायची आणि गाडीत घालून खाली धाडायची. पोट उघडून बाळ काढायचं शिक्षण हिच्यापाशी नव्हतं. काही बाया पोचायच्या, काही घाटातच थंड पडायच्या. म्हणून तिला पुढचं शिकायचं होतं. आणि त्यासाठी देशभरात एकच परीक्षा.

परीक्षेच्या सकाळी दाट धुकं. शहराबाहेरचं कॉलेज. फाटकाशी उभी असलेली एक मुलगी हिला म्हणाली, "तुमचं बरंय बाई. राखीव जागा. नुसतं जाऊन बसायचं."

"ताई, आधी आत तर जाऊ द्या," रुमली म्हणाली.

हसलात? थांबा जरा.

धुक्यात कर्णा लावलेला. बोलणारा दिसत नाही, नुसता आवाज. एकेक नाव येतंय, पोरं "हजर" म्हणतायत, आत जातायत. आवाज आला — "रुमली पावरा."

रुमली गप्प.

ती दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिली. दुसरी हाक आलीच नाही. पुढचं नाव आलं, त्याच्या पुढचं आलं, आणि फाटक लागलं.

नावं पुकारणारे केंद्रप्रमुख खर्चे सर. नेमाचा माणूस, वाईट नव्हे. ती गजांतून म्हणाली, "साहेब, मी इथंच होते."

"मग ओ का नाही दिली?"

"आमच्या पाड्यात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, साहेब. बाहेरचं काही असलं तर ते एकदाच हाक मारतं. माणूस पुन्हा मारतो. माझ्या आईनं पहिल्याच हाकेला ओ दिली. दार उघडलं तर अंगणात कुणी नाही. थोड्याच दिवसांत ती गेली."

"तुम्ही डॉक्टर ना?"

"आहे ना. आई तापानं गेली, तेही कळतं मला. पण जीभ अजून त्या घरातलीच आहे."

"नियम सगळ्यांना एकच," म्हणून सर वळले.

सकाळची पाळी संपली. भर दुपारी सर जेवायला निघाले. घर जवळच. दाराशी उभं राहून हाक मारली, "सुनंदा." आत बायको दिसतेय, ताटं मांडतेय. तिनं मान वर केली. दाराकडं पाहिलं, सरांच्या आरपार पाहिलं. आणि लेकीला म्हणाली, "बाबा अजून कसे आले नाहीत गं?"

सरांनी पुन्हा तोंड उघडलं. आवाज नाही. दार ठोठावलं. हात आपटतोय — दार वाजत नाही. सरांनी खाली पाहिलं. तुळशीच्या बुडाशी तुळशीची सावली होती. सरांच्या पायाशी काही नव्हतं.

मंडळी, एकदाच हाक मारतं ते माणूस नव्हे, हे गजांमागचं बोलणं सरांना आठवलं आणि ते धावत सुटले. फाटकाबाहेर रुमली एसटीची वाट बघत बसलेली. सरांनी सगळा जीव गळ्यात आणला. "रुमली… रुमलीबाई."

"ओ," ती म्हणाली.

सावली मुकाट्यानं सरांच्या पायाशी येऊन बसली.

"दुपारच्या पाळीत जागा आहे," सर म्हणाले. "वर काय उत्तर द्यायचं ते मी देईन. चला."

पेटीवाले बुवा विचारतायत, पास झाली का? झाली. पेपर तिचा तिनं सोडवला. शिकून परत डोंगरातच आली; आता अडलेल्या बाया घाटातून खाली धाडाव्या लागत नाहीत.

पण बुवा, मला घोर तुमचा-माझा आहे. आपण जागा राखून ठेवतो, दार उघडं ठेवतो, एकदा नाव घेतो. आला नाही की म्हणतो, त्यालाच नको होतं. आता विठ्ठल विठ्ठल म्हणत घरी जाल. दाराशी उभं राहून हाक माराल. आतून ओ आली तर देवाची कृपा. नाहीच आली, तर तिथंच उभं राहून आठवा — कुणाला एकदाच हाक मारून आपण पुढं निघालो होतो.