धुतलेल्या घराचा वास

...आणि वर मलाच विचारतात, "काकू, तुम्हाला येत नाही का हो?" वास? कसला वास? मला तर येत नाही! ह्या घरात सून म्हणून आले, आई झाले, आजी झाले, दिवे गेले तरी मिठाची बरणी कुठे आणि मेणबत्ती कुठे ते न चाचपडता काढून देईन, आणि कोण कुठला माणूस, पायातले बूट न काढता दारातच उभा राहून नाकपुड्या फुगवतो आणि मला सांगतो, की ह्या घराला वास आहे!

तुम्हाला सांगते, घर विकायला काढूच नये. म्हणजे... काढावं, आम्हाला काढावंच लागलं, ह्यांच्या गुडघ्यांपायी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही, आणि आमचे हे बाइंडर. जन्मभर मांडी घालून लोकांची पुस्तकं शिवली, पुस्तकं टणक राहिली आणि गुडघे खिळखिळे झाले. खाली बाकावर ह्यांची मित्रमंडळी जमते, ती वर बघून ओरडते, "अहो, या की!" हे गॅलरीतून हात हलवतात, "आलो, आलो!" आणि जात नाहीत. ते बोलवायचं सोडत नाहीत, हे 'आलो' म्हणायचं सोडत नाहीत. मी आत भाजी निवडत असते, मला ते 'आलो' ऐकवत नाही हो.

तर लेकीच्या इमारतीत तळमजल्यावर घर निघालं. लेकीच्या दारासमोर दार! पायरी म्हणाल तर एक, तीही बुटकी. तिथली मालकीणबाई भली बाई, म्हणाली, "थांबते मी तुमच्यासाठी, पण दुसरं कोणी आलं तर नाही म्हणवणार नाही मला." बरोबर आहे, तिलाही तिचं आहे. म्हणजे आमचं हे आधी जायला हवं, तेही चटकन, मग ते मिळणार, मग हे पायरी उतरून बाहेर जाणार. एवढं साधं! ह्यात नाकाचा काही संबंध आहे का? तुम्हीच सांगा!

मी आपली देवाला बोलले. मला सवयच आहे ती. हे चिडवतात, "तू देवाला हात जोडत नाहीस, तू त्याच्याशी सौदा करतेस." म्हणू देत. मी दोन गोष्टी बोलले. एक, घर जाईपर्यंत कॉफी सोडली. माझी तेवढी एकच चैन, तीच पणाला लावली. आणि दुसरी, मनाजोगतं गिऱ्हाईक मिळालं, की हे घर माझ्या स्वतःच्या हाताने, कोणाची मदत न घेता, छतापासून उंबऱ्यापर्यंत असं धुवून काढीन, की आत येणाऱ्याला देवघरात पाऊल टाकल्यासारखं वाटेल! आता ह्यात वाईट काही बोलले का मी?

मग आला एजंट. अंगाला सेंटचा असा भपकारा, की तो पहिल्या मजल्यावर पोहोचला की मी वर दार उघडायची. आणि हा मला म्हणतो, "काकू, वास." मी म्हटलं, "हो ना, जरा कमी लावत जा." "माझा नाही, काकू, घराचा!" वास? कसला वास? मला तर येत नाही! तर तो म्हणाला, "घरात राहणाऱ्याला कधीच येत नाही. पण गिऱ्हाईक खोल्या बघतं नंतर. आधी दारातच त्याचं नाक काय ते ठरवतं. नाक नाही म्हणालं, की मग तुम्ही संगमरवर दाखवा नाहीतर सोनं."

आणि फिरायला लागला हो घरभर, हुंगत! स्वयंपाकघरात, "लसूण." कपाटाशी, "डांबरगोळ्या." ह्यांच्या खोलीत, "हे काय उकळतंय?" म्हटलं, "सरस. हाडांचा डिंक, पुठ्ठ्याला लावायचा." हे अजून एखादं पुस्तक बांधतात, म्हणतात हाताला बरं वाटतं. "आणि हे?" "गुडघ्याचं तेल." "आणि त्यावर हे कसलं?" "उदबत्ती." "हे सगळं एकत्र?" मी म्हटलं, "म्हणजे काय! एकत्रच राहतो आम्ही."

तर म्हणाला, लसूण बंद, तेल बंद, सरस तर बंदच बंद. आणि कोणी यायचं असलं की आधी कॉफी उकळत ठेवायची! "ताज्या कॉफीचा वास आला ना काकू, की माणसाला वाटतं, इथे सुख आहे." मी देवाच्या तसबिरीकडे बघितलं. म्हटलं, हे तूच सुचवलंस ना ह्याला? मी कॉफी सोडली आणि घरात सकाळ-संध्याकाळ पातेलंभर कॉफी! मी कडेला उभी, पदर नाकाला लावून. टाकून कशी द्यायची? मग शेजारीण बरोबर टपकायची. "येऊ का गं? वास आला म्हणून आले." कप संपवून, तोंड पुसून म्हणायची, "गेलं नाही का अजून घर? जाईल हो. घाई काय आहे!" तिला कसली घाई असणार!

बरं, इतकं करून तरी? पहिलं जोडपं आलं, सोबत सासू. ती दारातच थबकली, तोंडाला रुमाल, "कोणी फार आजारी आहे का आत?" हे आतून खणखणीत आवाजात, "आजारी नाही, बाई! गुडघे आहेत!" गेले. दुसरे एक साहेब, त्यांना कॉफीतूनही सरसाचा वास आला. "इथे एखादं जनावर शिजवलंत का?" म्हणून मग मी ह्यांना सरसाच्या भांड्यासकट जिन्यात बसवायला लागले. चटई टाकून दिली, उशी दिली. हे म्हणाले, "मलाच विकून टाक, वासाचं मूळच जाईल." थट्टेतच म्हणाले, पण येणारे-जाणारे त्यांना ओलांडून वर यायचे, आणि हे प्रत्येकाला म्हणायचे, "या, या, घर चांगलं आहे." ... जाऊ दे.

मग मी फवाऱ्याचा डबा आणला, मोगऱ्याचा. घरभर मारला. तर तिसरे गृहस्थ आत आले आणि त्यांचे डोळेच बारीक झाले. "एवढा सुगंध? काय लपवताय?" आणि भिंती ठोकायला लागले! कपाट सरकवून मागे बघितलं, ओल आहे का. मोरीत ओणवे झाले, नळाच्या जाळीला नाक लावलं! मी म्हटलं, "अहो, काही नाही लपवलं, माझं आयुष्य आहे ते नुसतं!" ते म्हणाले, "तेच. वास येतो."

वास? कसला वास? मला तर येत नाही!

शेवटी एक दिवस मी कंटाळले. एजंट म्हणाला होता, आज कोणी नाही. म्हटलं, चला, आज घरात माणसांसारखं राहू. लसूण ठेचला, पालेभाजीवर चरचरीत फोडणी घातली, बाजूच्या शेगडीवर ह्यांचा सरस ठेवला, ह्यांचे गुडघे मांडीवर घेऊन तेल चोळत बसले, देवाजवळ उदबत्ती. आणि दाराची बेल! उघडते तर एक मुलगी, अंगावर नर्सचा गणवेश. "काकू, ड्युटी संपवून घरी निघाले होते. एजंटनी पत्ता दिला होता, म्हटलं जाताजाता बघावं." माझ्या हाताला तेल, खांद्यावर फडकं, मागे फोडणीचा धूर! मी म्हटलं, संपलं.

तर ती उंबऱ्यात उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला. मी वाट बघतेय, आता रुमाल निघणार. आणि म्हणाली, "काकू... किती छान वास येतोय हो!"

मी पहिल्यांदा विचारायला विसरले, कसला.

आत आली, ह्यांच्याजवळ फरशीवरच बसली. ह्यांनी तिला पुस्तकाची शिवण दाखवली, तिने ह्यांचे गुडघे दाबून बघितले, वाटीभर पालेभाजी खाल्ली. खोल्या बघितल्यासुद्धा नाहीत धड! म्हणाली, "सध्या भाड्याने राहतो ना, तिथे कसलाच वास नाही. दार उघडलं की वाटतं, इथे कोणी राहतच नाही. इथे आले आणि वाटलं, बसावं. मला आवडलं काकू. रविवारी नवऱ्याला घेऊन येते, त्याने नुसतं हो म्हणायचं."

ती जिना उतरली आणि मी देवापुढे डोकं टेकलं. उठले ती पदर खोचूनच. हे म्हणाले, "काय गं?" म्हटलं, "घर धुवायचंय. बोलले होते मी." "अगं, ते घर विकलं गेल्यावर ना?" "नाही. गिऱ्हाईक मिळाल्यावर, असं बोलले होते." "तिच्या नवऱ्याला हो तर म्हणू दे!" म्हटलं, "देवाने त्याच्या बाजूचं केलं, मी कशाला त्याला ताटकळत ठेवू? आणि नर्स आहे ती! तिला स्वच्छतेची केवढी आवड असेल!"

हे आपले पुस्तक शिवायला लागले. बोलायला हवं होतं हो. ओरडायला हवं होतं.

मग काय विचारता! फिनेल बादलीत ओतलं, मापटं वगैरे काही नाही, भक्तीने ओतलं. फरशा, दारं, खिडक्यांचे गज, कपाटाच्या वरची जागा. मोरीत पावडर. पडदे उकळले, गाद्या उन्हात टाकल्या. सरसाचं भांडं शेजारणीकडे. तेलाची बाटली कागदात गुंडाळून माळ्यावर. ह्यांना म्हटलं, रविवारपर्यंत तेल नको. बरं म्हणाले. उठताना भिंत धरायचे, मी बघायचे, आणि म्हणायचे, "आता थोडेच दिवस!" उदबत्तीसुद्धा लावली नाही. देवाला म्हटलं, तू घे समजून.

रविवारी आली. नवरा सोबत, साधासुधा, हसरा. उंबऱ्यात तीच जागा, तशीच उभी राहिली, तसेच डोळे मिटले. श्वास घेतला... आणि डोळे उघडले. "फिनेल?"

मी म्हटलं, "हो!" अहो, अभिमानाने म्हटलं!

तिने आत डोकावून बघितलं. "काकांचं ते भांडं कुठे गेलं?" नवरा तिच्या कानाशी, पण मला ऐकू आलं, "तू सांगत होतीस ते हेच घर?" तर ती माझा हात धरून म्हणाली, "काकू, रागावू नका. दिवसभर वॉर्डात मी ह्याच वासात असते. दार उघडलं आणि वाटलं, ड्युटीवरच आले."

तुम्हाला सांगते, मी धावले! लसूण सोलायला वेळ कुठला, सालासकट घातला, तेल तापायच्या आत घातला, मग आच मोठी केली, तो जळला! उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. शेजारणीच्या दारावर थापा, "सरस दे, सरस!" ती म्हणते, "कॉफी झाली का?" इकडे ह्यांनी बिचाऱ्यांनी स्टुलावर चढून, त्या गुडघ्यांनी, माळ्यावरची बाटली काढली आणि पाहुण्यांसमोर लेंगा वर करून दोन्ही गुडघ्यांना फासली! आणि एवढ्या सगळ्याच्या वर, जिंकल्यासारखं, फिनेल!

ती नर्स हसली. मग तिचे डोळे भरून आले, धुराने असतील. तिने गॅस बंद केला, ह्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "राहू द्या, काकू." एवढंच. राहू द्या.

देवाला मी बोल लावत नाही. त्याने दिलं होतं. अगदी उंबऱ्यात आणून उभं केलं होतं. मीच फडकं मारलं त्याच्यावर.

पुढच्या आठवड्यात एजंटला फोन केला, म्हटलं, बाबा, घर परत पहिल्यासारखं झालंय, तिला आण एकदा. तर हा खुशीत! "अहो, त्यांचं झालं काकू! तुमच्याकडून निघून त्यांनी मला फोन केला आणि मी दुसरीकडे नेलं. तळमजला आहे. मालकीणबाई लसूण परतत होत्या, ह्या दारातूनच म्हणाल्या, बस, हेच!"

मी पत्ता विचारला. विचारायला नको होता.

काल लेकीचा फोन. "आई, समोर नवी शेजारीण आलीये, नर्स आहे, इतकी गोड आहे ना! माझ्याकडचा तुमचा फोटो बघून बाबांच्या गुडघ्यांचं विचारत होती, कसं काय ठाऊक तिला? आणि आई, गंमत सांगू? तिच्या दारावरून गेलं ना, की अगदी आपल्या घरासारखा वास येतो."

मी म्हटलं, "येत असेल, बाळा. मला इथून येत नाही."