न विचारता नेलेली लाँच

पुरवणी जबाब

मी, धक्क्यावर ‘लाँचवाले’ म्हणून सर्वांच्या ओळखीचा (पूर्ण नाव कालच्या मूळ तक्रारीत दिले आहे तेच), वय ५४ वर्षे, धंदा खाडीत प्रवासी लाँच चालवणे, राहणार धक्क्यामागची गल्ली, बर्फाच्या कारखान्यावरचा मजला, आज आपण होऊन ठाण्यात हजर झालो असून समक्ष सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी व मुलगी यांच्यासह राहतो. मुलगी एकोणीस वर्षांची असून कॉलेजात शिकते. काल दुपारी मी याच टेबलासमोर उभे राहून तक्रार दिली, की शेजारच्या यॉट क्लबच्या प्रमुख बाईंनी माझी लाँच मला न विचारता नेली. ती तक्रार खरी आहे. परंतु ती अर्धीच आहे. त्या अर्ध्या तक्रारीपायी क्लबचे फार मोठे काम अडले आहे, म्हणून उरलेली अर्धी सांगायला आलो आहे.

क्लबशी माझे सख्य नाही, हे आधी नोंदवावे. डिंगी म्हणजे इंजिन नसलेली, शिडावर चालणारी, एका-दोघांची लहान होडी. अशा होड्या घेऊन ही मंडळी सुट्टीच्या दिवशी नेमकी माझ्या लाँचच्या वाटेत फिरत असतात. इंजिनाचा शोध लागलेला असताना शीड कशाला, हा माझा पहिल्यापासूनचा सवाल आहे आणि त्याचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही. माझी स्वतःची मुलगी तिथे जाऊन डिंगी चालवायला शिकली. मी नको म्हणालो होतो. घरात माझे किती चालते ते यावरून समजावे.

क्लबच्या प्रमुखाला तिथे कमोडोर म्हणतात. या बाई आहेत, म्हणून सगळे कमोडोरबाई म्हणतात. त्या व्यवसायाने दातांच्या डॉक्टर आहेत. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली. अक्कल तेव्हापासून त्यांच्याकडेच राहिली, असे माझी पत्नी म्हणते.

या डिंग्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आमच्या खाडीत व्हावी, सगळी व्यवस्था आम्ही करू, असा प्रस्ताव कमोडोरबाईंनी क्लबतर्फे वरच्या संघटनेकडे पाठवला आहे. याआधी दोनदा पाठवला होता. एकदा होड्या उतरवायचा उतार अरुंद म्हणून नाही म्हणाले, दुसऱ्यांदा पाण्यात पडलेल्याला वाचवायची सोय अपुरी म्हणून. बाईंनी उतार रुंद करून घेतला. बचावाच्या दोन रबरी बोटी आणल्या. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी त्या स्वतः बोटीत बसून पोरांकडून सराव करून घेत असत, हे मी रोज पहिल्या फेरीच्या वेळी पाहत आलो आहे. तेव्हा मी हसत असे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे एकदा त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालोही होतो.

काल संघटनेचे दोन पाहुणे जागा बघायला आले. एक उंच बाई, डोक्यावरची टोपी न काढणाऱ्या. दुसरे दाढीवाले गृहस्थ, दिसेल त्या दोराला हात लावून ओढून बघणारे. सकाळी त्यांच्यासाठी नमुन्याची शर्यत झाली. मुलगी त्यात होती. शर्यत संपून होड्या काठाला लागत होत्या, त्या सुमारास मी लाँचचे तीन हॉर्न दिले.

याचा खुलासा करतो. तीन हॉर्न म्हणजे मुलीने असेल तिथून धावत यायचे, ही आमच्या घरची रीत आहे. ती शाळेत जायला लागली तेव्हापासून चालू आहे. माझ्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा पट्टा सैल झाला होता आणि नवा पट्टा पलीकडच्या काठावरच्या मेकॅनिककडे होता. मुलगी ओल्या कपड्यांनिशी धावत आली. मी तिला त्याच फेरीत पलीकडे सोडले, पट्टा घेऊन थांब, जेवणानंतरच्या फेरीला तुला घेतो म्हणालो, आणि परत आलो. क्लबची सगळी माणसे पाहुण्यांच्या मागे होती, त्यामुळे तिला जाताना कुणी पाहिले नाही.

आता क्लबची रीत. उताराच्या तोंडाशी एक लाकडी फळी आहे. तिच्यावर खिळे, आणि खिळ्यांवर पितळी बिल्ले. पाण्यात जाणाऱ्याने आपला बिल्ला गळ्यात घालायचा, परत आल्यावर खिळ्यावर टांगायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस पाण्यात. सगळे बिल्ले टांगले जाईपर्यंत क्लबात कुणी जेवायला बसत नाही. माझा हॉर्न ऐकून मुलगी बिल्ला गळ्यात ठेवूनच निघून आली. तिच्या जागी दुसरे कुणी असते तर आधी बिल्ला टांगला असता. पण आमच्याकडे हॉर्न आधी, जग मागून.

लाँच धक्क्याला बांधून मी न्हाव्याकडे दाढी करायला गेलो. चावी इंजिनालाच होती, ती तिथेच असते. अर्धी दाढी झाली असताना बाहेर आरडाओरडा ऐकू आला. येऊन पाहतो तो लाँच खाडीच्या मध्यावर, सुकाणूवर कमोडोरबाई, आणि माझे पुढच्या फेरीचे प्रवासी सामानासह धक्क्यावर उभे. ते आधीच लाँचमध्ये जाऊन बसले होते. बाईंनी ‘उतरा’ म्हटल्याबरोबर सगळे उतरले म्हणे. मी सांगितले तर हे लोक पायसुद्धा आत घेत नाहीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ठाण्याच्या दिशेने निघालो. क्लबचा वॉचमन माझ्यामागे धावत आला.

तो म्हणाला, “अहो थांबा, तुमची मुलगी...”

मी म्हणालो, “मुलीचं नाव काढून मला गप्प बसवू नका. ती तुमच्या क्लबात येते म्हणून लाँच तुम्हाला आंदण दिली नाही मी!”

तो पुढे काहीतरी सांगत होता. मी ऐकून घेतले नाही. अर्ध्या दाढीने येऊन तक्रार दिली, हे आपणांस आठवत असेलच. हवालदारसाहेब तेव्हा हसले होते.

यापुढचा भाग मी स्वतः पाहिलेला नाही. क्लबचे सेक्रेटरी लाँचमध्ये होते, त्यांनी व मुलीने सांगितले तसा सांगतो. कमोडोरबाई वरच्या खोलीत पाहुण्यांना पडद्यावर खाडीचा नकाशा दाखवत होत्या. तेवढ्यात शर्यतीतल्या एका मुलीने येऊन सांगितले, की एक खिळा रिकामा आहे. सेक्रेटरी हळूच म्हणाले, “अहो, ती लाँचवाल्यांची मुलगी. होडी काठाला आहे तिची. बिल्ला विसरून गेली असेल घरी. पाहुण्यांसमोर कशाला?”

बाई म्हणाल्या, “होडी काठाला आहे. मुलगी कुठाय?”

“घरीच असेल.”

“असेल नको. दिसली पाहिजे.”

होडी काठाला लावून पोरे पुन्हा पाण्यात उड्या मारतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पाहुण्यांची माफी मागितली, पडदा तसाच ठेवला आणि खाली आल्या. एक मुलगी माझ्या घरी पाठवली. घराला कुलूप होते, पत्नी बाजारात गेली होती. दोन्ही बचाव बोटी लांब खाडीच्या मुखाशी शर्यतीच्या खुणेचे फुगे गोळा करायला गेल्या होत्या. त्यांना वायरलेसवर त्या बाजूने शोधत यायला सांगितले. जवळ इंजिनाचे काय, तर माझी लाँच. मला हाका मारल्या म्हणे. न्हाव्याचा रेडिओ चालू होता.

लाँच त्यांनी कशी चालवली हे मी जाणतो, कारण नंतर इंजिनाला हात लावून पाहिला, ते तापलेले नव्हते. पट्टा सैल असताना वेग वाढवला तर इंजिन तापते. त्यांनी ते आवाजावरून ओळखले असावे. मी स्वतः इतक्या सांभाळून चालवत नाही. वाऱ्याने माणूस ज्या बाजूला वाहत जाईल तो सगळा काठ त्यांनी धरला. एका ठिकाणी झुडपांत काहीतरी नारिंगी अडकलेले दिसले. मुलांच्या तरंगत्या जॅकेटचा रंग तोच असतो. लाँच तिथवर जाईना, तेव्हा पाहुण्यांसाठी नेसलेल्या चांगल्या साडीनिशी बाई पाण्यात उतरल्या, आणि छातीइतक्या पाण्यातून चालत गेल्या. ते फुटके पिंप निघाले. सेक्रेटरी सांगत होते, की बाईंनी ते पिंप उलटे करून त्याच्याखाली हात घालून पाहिला, मग आजूबाजूला पुन्हा पाहिले, आणि मगच परत आल्या.

त्यानंतर पलीकडच्या धक्क्यावर मुलगी दिसली. खोक्यावर बसून शेंगदाणे खात होती, शेजारी पंपाचा पट्टा. बाईंनी लाँच धक्क्याला लावली. मग म्हणाल्या, “बिल्ला?” मुलीने गळ्याशी हात नेला आणि रडायला लागली. बाई तिला रागावल्या नाहीत. “ये, बस. बाबांच्या पट्ट्याचं काम आधी करू, इंजिन कण्हतंय,” एवढेच म्हणाल्या. दोघींनी मिळून पट्टा बसवला.

परत येताना सेक्रेटरींनी सुचवले, “पाहुण्यांना सांगू या, की हा ठरवून केलेला सराव होता. उलट खूश होतील. सोय कशी आहे ते डोळ्यांनी पाहिलं त्यांनी.”

बाई म्हणाल्या, “सराव नव्हता. आमची चूक झाली, ती निस्तरली. असंच सांगायचं.”

“हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“उद्या त्यांची पोरं आपल्या पाण्यात उतरणार आहेत. खोटं सांगून बोलवायची का?”

लाँच धक्क्याला लागली तेव्हा मी तिथे पोहोचलो होतो. मी बाईंना नाही नाही ते बोललो. ते शब्द इथे लिहून घेऊ नयेत ही विनंती. त्या कमरेखाली चिखलाने भरल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तक्रार दिलीत? बरोबर केलंत. न विचारता नेली मी.” तेवढे बोलून त्या वर गेल्या. मग लाँचमधून माझी मुलगी उतरली. ती म्हणाली, “बाबा, मला शोधायला गेल्या होत्या.”

आपले हवालदारसाहेब चौकशीला क्लबात गेले ते पाहुण्यांच्या समोरच. बाईंनी त्यांनाही तेच सांगितले, चावी लागलेली होती, परवानगी घेतली नाही. कुणाला शोधायला नेली ते विचारल्यावर ‘क्लबच्या एका सदस्याला’ असे उत्तर दिले. मुलगी तक्रारदाराचीच आहे, असे सांगितले असते तर प्रकरण तिथेच हसण्यावारी गेले असते. त्यांनी ते सांगितले नाही. उंच पाहुण्याबाई म्हणाल्या, की शोधाशोध त्यांना पसंत पडली, परंतु पोलिसांत तक्रार आहे हे अहवालात लिहावे लागेल, आणि ती मिटल्याशिवाय स्पर्धा या क्लबला देता येणार नाही. पाहुणे आज संध्याकाळी परत जाणार आहेत.

काल मी घरी वाट पाहिली. म्हटले, आता बाई येतील, तक्रार मागे घ्या म्हणतील, मी जरा आढेवेढे घेईन आणि घेईन मागे. त्या आल्या नाहीत. निरोपही नाही. पत्नी म्हणाली, “अहो, त्या कशाला येतील? तुम्ही जा.” म्हणून आज सकाळी मी त्यांच्या दवाखान्यात गेलो. त्या एका आजोबांची कवळी घासून बसवत होत्या. मी दारातूनच विचारले, “बाई, ‘तुमच्याच मुलीसाठी नेली’ असं काल एक वाक्य बोलला असतात, तर मी तिथेच पाय धरले असते. का नाही बोललात?”

त्या म्हणाल्या, “तुमची होती म्हणून नेली नाही. कुणाचीही असती तरी नेली असती. मग ते सांगून तुमच्यावर उपकार कशाला चढवू?” आणि आजोबांना म्हणाल्या, “आता चावून बघा.”

मी बावीस वर्षे पाण्यावर आहे. लाँचवर माणसे चढतात, उतरतात, मी त्यांच्याकडे पाहतसुद्धा नाही. बाईंनी एका रिकाम्या खिळ्यासाठी, बहुतेक विसरली असेल हे माहीत असताना, आपले इतक्या वर्षांचे काम पडद्यावर तसेच सोडले. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे माझे मत आहे, पुरावा मागितला तर माझी मुलगी घरी आहे.

मला सदर तक्रार पुढे चालवायची नाही. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी आलोच नसतो, माझा स्वभाव धक्क्यावर सर्वांना माहीत आहे. हा जबाब पाहुण्यांना आज संध्याकाळच्या आत दाखवावा, ही विनंती.

लाँच मीच आपखुशीने दिली होती, असे लिहून घ्या, असे मी साहेबांना म्हणालो होतो. साहेब म्हणाले, तसे लिहिता येणार नाही, कालची तक्रार त्याच्या उलट आहे. तेही खरेच. म्हणून जे आहे तेच लिहून देतो, की कमोडोरबाईंनी माझी लाँच मला न विचारता नेली, आणि पुन्हा अशी वेळ आली तर त्यांनी मला विचारत बसू नये.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मुलीचा भाग मी पुन्हा एकदा वाचायला सांगितला. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष. सही.