तेलावरचा गॅस

हार्बरफ्रंटच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत माझ्यापुढे तेल कंपनीतले दोघे मराठी इंजिनिअर होते, शिरीष सर आणि त्यांच्या हाताखालची अनुया.

“तेलावरचा गॅस आपण आधी विकायला नको होता. तोच तेलाला दाबून विहिरीतून वर ढकलतो.”

“हो, सर.”

“मला वाटलं, गॅस भरपूर आहे, थोडा काढला तर काय बिघडतंय.”

“एका विहिरीत गॅसचा थर जाड लागला, म्हणून तुम्ही सगळीकडे तेवढाच धरलात.”

“आता तेल खालीच राहणार. आणि तेलाचं फील्ड बंद होतंय, हे तिथे काम करणाऱ्या लोकांना मी सांगायचं. गॅस विकायचं ठरलं, त्या मीटिंगमध्येच तू बोलायला हवं होतंस, अनुया.”

“बोलले होते, सर. तुम्ही म्हणालात, आधी कॉफी मागवू या.”

“मग?”

“मग कॉफी आली.”