मास्तरांनी लिहिलं तसं

ओर्सोला : ...म्हणजे माझंच गाणं मी चुकले, म्हणून तीन दिवस पंगतीत कोणाशी बोलायचं नाही? वर वाइनही बंद? झानेत्ताबाई, हा कुठला न्याय?

झानेत्ता : हळू बोल. अनाथालयाच्या विश्वस्तांची सही आहे हुकुमावर. 'रविवारी ओर्सोलाने मास्तरांच्या स्वरांत मनाला येईल तसा फेरफार केला.'

ओर्सोला : मास्तरांच्या! बाई, मास्तरांनी त्या ओळीत सात स्वर लिहिले होते. सात. लांब, सरळ, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखे. ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा गाणारणीने ती आपल्या मनाने नटवायची, हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच ना?

झानेत्ता : मीच. सगळीकडे तशीच रीत आहे.

ओर्सोला : मग मी नटवली. इथे मुरकी, तिथे कंप, वरच्या स्वराआधी एक बारीकसा स्वर नुसता चाटून जायचा. सगळं माझं. आता तेच मास्तरांच्या नावाने कागदावर आलंय, आणि मलाच सांगतात, कागदात आहे तसं गा, टिंबाटिंबासकट!

झानेत्ता : टिंबांवरूनच तर चिडलेत. 'ज्या स्वरांच्या डोक्यावर टिंब आहे ते तुटक हवेत, हिने ते लांबवले. ते मरियामातेचे अश्रू आहेत', असं म्हणाले मास्तर.

ओर्सोला : अश्रू? अहो, शेंबूड होता तो! फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाला मला ताप होता, आठवतंय? छाती भरलेली. लांब स्वर धरायला दम पुरेना, म्हणून मी त्याचे तुकडे केले. टक, टक, टक. मधल्या फटीत चोरून श्वास घेतला. पुढचे तीन रविवार तसेच ढकलले. मग थेट या रविवारी ते गाणं पुन्हा आलं, छाती मोकळी होती, स्वर धरता आला, मी धरला. तर तो गुन्हा!

झानेत्ता : हसवू नकोस मला.

ओर्सोला : मी कुठे हसतेय?

झानेत्ता : थांब. भेटीच्या जाळीपलीकडे कोणी आलंय. बोर्तोलो दिसतो, गाण्याच्या नकला घेऊन. तू गप्प राहा, मी बोलते त्याच्याशी.

ओर्सोला : मुळीच नाही. या, या, लेखनिक महाराज! तुमचीच वाट बघत होते.

बोर्तोलो : देवाची कृपा असू दे, बाईसाहेब. काय पाणी चढलंय आज कालव्याला! कागद डोक्यावर धरून आलो. या अकरा प्रती. बारावी चामड्यात बांधलीय, ड्रेसडेनच्या राजदरबारच्या वकिलांसाठी. उद्या येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला ते स्वतः ऐकायला येणार आहेत म्हणे.

ओर्सोला : देवळात खांबामागे बसून माझं गाणं तुम्ही उतरवलंत?

बोर्तोलो : मास्तर म्हणाले, बस आणि लिही. बसलो आणि लिहिलं. पण कान बघा या गरिबाचा, एक बारीक स्वर सुटला नाही.

ओर्सोला : आणि ती टिंबं?

बोर्तोलो : तुटक ऐकलं, तुटक लिहिलं. तुम्हाला ताप होता हे लेखणीला कसं कळावं?

ओर्सोला : सातांचे त्रेचाळीस स्वर झालेत, बोर्तोलो. वरचे छत्तीस कोणाच्या पोटचे? नाव कोणाचं घातलंत?

बोर्तोलो : रागावू नका. आमच्या धंद्यात म्हणतात, गळ्यातली हरकत म्हणजे कालवणाची वाफ. कालवण ज्याचं, वाफही त्याचीच. आणि तुमचं नाव घालायचं तर काय घालू? तुम्हाला दारातल्या पाळण्यात सोडून गेलेलं, आडनाव नाही. नुसतं ओर्सोला? अशा दोन ओर्सोला व्हेनिसच्या दर पुलावर भेटतात.

झानेत्ता : बोर्तोलो, जीभ आवर.

बोर्तोलो : मी आपलं खरं ते...

झानेत्ता : वाफ म्हणतोस? गाण्याच्या शेवटी जो कंप घेतात, संथ सुरू करून हळूहळू घट्ट करत नेतात, त्याला काय म्हणतात?

बोर्तोलो : थोरल्या मास्तरांचा कंप. लहान पोरालाही ठाऊक आहे ते. मीच हजारदा लिहिला असेल.

झानेत्ता : तो माझा आहे.

ओर्सोला : काय?

झानेत्ता : माझा. एकोणीस वर्षांची होते. थोरल्या मास्तरांनी ऐकला, दुसऱ्या दिवशी कागदावर उतरवून आणला आणि मलाच म्हणाले, 'असा गात जा.' मी म्हटलं, 'हो, मास्तर.' बेचाळीस वर्षं झाली त्याला.

ओर्सोला : आणि तुम्ही तो मला त्यांचा म्हणून शिकवलात! नऊ वर्षांची होते मी. सुरुवात घाईत झाली म्हणून बोटांवर छडी मारलीत. 'थोरांचं असं नासवायचं नसतं', म्हणालात!

झानेत्ता : म्हणाले.

ओर्सोला : का, बाई?

झानेत्ता : किती मुलींना शिकवला. दर वेळी त्यांचंच नाव घेतलं. घेता घेता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

ओर्सोला : मास्तरांचं मला काही वाटत नाही. त्यांच्याकडून मी वेगळी अपेक्षा कुठे धरली होती? पण तुम्ही...

झानेत्ता : बोल. मी ऐकतेय.

ओर्सोला : नाही. उद्या गाऊनच बोलते. उद्या ओळ दुसऱ्यांदा येईल तेव्हा मास्तरांचे सात स्वर, त्यांनी लिहिले तेवढेच लांब. मुरकी नाही, कंप नाही, टिंब नाही.

बोर्तोलो : अहो, लोक आल्प्स ओलांडून मुरक्या ऐकायला येतात!

झानेत्ता : उघडा स्वर फार अवघड असतो, ओर्सोला. चूक झाकायला पदर नसतो त्याला.

ओर्सोला : ठाऊक आहे. ताल तुमच्या हातात असेल. अडवाल?

झानेत्ता : नाही. लय जरा वाढवेन, म्हणजे दम तुटणार नाही तुझा.

ओर्सोला : वाढवू नका. आहे तीच ठेवा.

[दुसऱ्या दिवशी, सायंप्रार्थनेनंतर. जाळीच्या आत दोघी, बाहेर बोर्तोलो.]

बोर्तोलो : तुम्हाला वरच्या सज्जाच्या जाळीतून दिसलं नसेल! वकील पहिल्या रांगेत, मांडीवर माझी प्रत, स्वरास्वरावर बोट. ओळ दुसऱ्यांदा आली आणि बोट थबकलं. पान उलटलं, पुन्हा मागे आले, शेजाऱ्याला दाखवलं. शेवटी बाहेर पायरीवर मास्तरांना गाठलं आणि चारचौघांत विचारलं, 'आपण लिहिलेलं ती का गायली नाही?'

ओर्सोला : मग?

बोर्तोलो : मास्तर उकडलेल्या खेकड्यासारखे लाल. म्हणाले, 'मी लिहिलेलंच गायली ती.'

झानेत्ता : असं म्हणाले?

बोर्तोलो : दुसरं काय म्हणणार? वकील म्हणाले, 'मग हे बाकीचं कोणाचं?' मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं छताकडे.

झानेत्ता : पायरीवर छत कुठलं रे?

बोर्तोलो : आभाळाकडे म्हणा.

ओर्सोला : सांगताना तुम्हीही नटवता की! माझं नाव सांगितलंत?

बोर्तोलो : जिभेवर आलं होतं, बाईसाहेब. पण घरात चार तोंडं आहेत, आणि सगळं काम मास्तरांकडून येतं. नाही सांगितलं.

ओर्सोला : निदान हे तरी सरळ बोललात.

झानेत्ता : विश्वस्तांचा निरोप आलाय, ओर्सोला. नाताळापर्यंत तुला एकटीने गायचं नाही. मागच्या रांगेत उभं राहायचं.

ओर्सोला : राहीन. आज त्या देवळात माझा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. पुरेल तेवढा. माझ्या जागी कोण?

झानेत्ता : मी. ऑगस्टात, मातेच्या सणाला. एकसष्टाव्या वर्षी! मास्तर म्हणाले, 'म्हातारी निदान सांगितलेलं ऐकते.'

ओर्सोला : आणि तुम्ही हो म्हणालात.

झानेत्ता : हो म्हणाले.

ओर्सोला : मग आता तो कागद पाठ करायला घ्या. माझ्या तापासकट.

झानेत्ता : नाही गं. ते तुझं आहे. मी माझं काहीतरी नवं शोधेन. तीन महिने आहेत.