कोपराखालचा हात

हॅलो?… श्वेता मॅडम? मी कावेरी, पीण्या इंडस्ट्रियल एरियातून… कृष्णात चौगुलेंची मिसेस. हो, हो, तेच, लेथवाले. लकव्यानं उजवी बाजू गेलेले…

ठेवू नका ओ फोन! दोनच मिनिटं… मेसेज वाचला की सकाळी. ‘चुकीला मेंदू प्रतिसाद देत नाही, म्हणून तीन महिन्यांच्या सरावाला घेता येत नाही.’ पाच वेळा वाचला… मॅडम, ते खोटं आहे.

नाही, नाही! तुमचं मशीन कशाला खोटं असेल? मी खोटी आहे.

ऐका ना… तुम्ही त्यांना तो मोठा चष्मा घातला, डोक्यावर तारांची टोपी. हो… आणि मला म्हणालात, शेजारी बसा, धीर द्या. बसले. समोर टीव्हीवर दिसत होतं की सगळं. यांचा उजवा हात टेबलावरून सरकत चेंडूकडे सरळ जायचा, अन् चष्म्यातला हात भलतीकडेच… हो, मुद्दाम करता ते, आता कळलं! तेव्हा कुठं ठाऊक होतं? मला वाटलं परीक्षा आहे, नापास करतील. म्हणून मी हळूच…

अहो, कोपर ढकललं मी त्यांचं!

…दर वेळी. स्वल्पच. चेंडूला लागेपर्यंत. मग चूक उरलीच कुठं?

…नाही, कुणी बघितलं नाही. तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरकडे बघत होता… नाही रडत. रडते, हो, मग काय करू?

चोवीस वर्षं लेथवर काढली त्यांनी. केसाएवढा फरक बोटानं ओळखायचे. त्या माणसाला चूक कळत नाही म्हणता?… हो, घरीपण तेच करते. घास मीच भरवते, बटणं मीच लावते. सांडलं की त्यांचा चेहरा पडतो ओ, मला बघवत नाही… काय? चुकल्याशिवाय मेंदू शिकत नाही?

…सहा महिने मी चुकूच दिलं नाही त्यांना. अगं, म्हणजे मीच घालवला की गं त्यांचा हात!… सॉरी मॅडम, तोंडून गेलं.

एकदा, फक्त एकदा परत तपासा. पाया पडते. मी खोलीत येतच नाही, खाली गेटपाशी बसते… यादी आज पाचला जाणार? मग आत्ताच विचारा ना तुमच्या मोठ्या सरांना! सांगा, बाई अडाणी आहे, तिनं घाण केली… सरी, सरी, बरं, तुम्ही विचारा, मी थांबते.

…ते? इथंच आहेत, समोर. फोन टेबलावर ठेवलाय, स्पीकरवर. ऐकलं सगळं… अहो, असं नका बघू माझ्याकडे. काय पाहिजे? फोन? थांबा, मी दे…

नाही. नाही देत.

मॅडम, हात उचललाय. उजवा!… माझ्या बांगड्यांवर पडला. नाही धरत मी, नाही धरत… परत उचलला… अगं बाई, तांब्या पाडला! सांडू दे, सगळं सांडू दे… काय? अहो, काय म्हणालात तुम्ही?

‘चुकलं’ म्हणाले! मॅडम, ऐकलंत? कळलं त्यांना! आपलं आपणच म्हणाले, ‘चुकलं’… या, अजून स्वल्प इकडे… आला, फोनपर्यंत आला! मॅडम, सरांना सांगा, हा हात… अहो, ते लाल बटण, ते नका दा…