जपानी बाईंचा प्रश्न

कीर्तनाला निघालेल्या दगडाबाई पुंडलिकनगरच्या थांब्यावर हरीचं नाव घेत बसल्या होत्या. शेजारी दोन पोरी आल्या. त्यातल्या राहतची बोटं निळीने माखलेली.

"श्रेया, कापड रंगवायचा माझा कागदी साचा आमच्या कॉलेजात शिकवायला आलेल्या जपानी बाईंनी हातात घेतला. म्हणाल्या, लई बारीक कापलाय, घरात कुणी कारागीर आहे का?"

"मग सांगितलंस ना, अब्बांनी चाळीस वर्षं हिमरूचं कापड विणलं ते?"

"मी म्हटलं, कुणीच नाय."

"अगं, का?"

"ते आता तिथंच चहा देतात ना. वर्गात कुणाला माहीत नाय, ते माझे अब्बा आहेत."

"त्यांच्या कानावर गेलं तर?"

"ट्रे घेऊन मागंच उभे होते."

"या अल्ला! मग?" हरीचं नाव विसरून दगडाबाईंच्याच तोंडून निघालं.

"माझ्यापुढं कप ठेवला. म्हणाले, घ्या मॅडम."